खाटेजवळ बसण्याची पात्रता

इंग्लंडहून मुंबईकडे येणारी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे अठराव्या शतकात कागदोपत्री बहुधा ४९९ टनांची असत. ५०० नाही, ४९९. याचे कारण समुद्रात नव्हते, कायद्यात होते. १६९८ साली राजा तिसरा विल्यम याने पूर्वेकडच्या व्यापाराची जी नवी सनद दिली, तिच्यात एक कलम होते. ५०० टन किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक जहाजावर, तसेच प्रत्येक ठाण्यात आणि मोठ्या वखारीत कंपनीने आपल्या खर्चाने एक धर्मोपदेशक ठेवला पाहिजे, असे ते कलम. त्याचा पगार, त्याचे जेवण, त्याची खोली, सारे कंपनीच्या माथी. व्यापारी माणूस हिशेबाला पक्का. त्याने एक टन कमी लिहिला आणि पाद्रीबाबांचा खर्च वाचवला.

या धर्मोपदेशकाला इंग्रजीत चॅप्लेन म्हणतात. आपल्याला हा शब्द ऐकला की चार्ली चॅप्लिन आठवतो, आणि ते अगदीच चूक नाही, कारण चार्लीच्या आडनावाचे मूळ याच शब्दात आहे. पण तो विषय वेगळा. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन शिपाई होता. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला, अशी कथा आहे. पुढे तो संत झाला आणि त्याच्या झग्याला पवित्र अवशेषाचे मोल आले. फ्रँक राजे तो लढाईवर बरोबर नेत. झग्याला लॅटिनमध्ये म्हणतात ‘कापा’, म्हणून तो सांभाळणारे पुरोहित झाले ‘कापेलानी’. त्यावरूनच पुढे चॅप्लेन हा शब्द आला. गावच्या पाद्रीला स्वतःचे चर्च असते, स्वतःची माणसे असतात. चॅप्लेनला यातले काहीच नसते. तो नेहमी दुसऱ्याच्या घरात काम करतो : पलटणीत, जहाजावर, तुरुंगात, रुग्णालयात. समोर येईल तो माणूस त्याच्या धर्माचा असेलच असे नाही.

आज मला बोलायचे आहे ते या माणसाच्या पात्रतेबद्दल. मरणाच्या दारात असलेल्या, किंवा मनाने कोसळलेल्या अनोळखी माणसाच्या खाटेजवळ जाऊन बसायचे, हे ज्याचे नोकरीतले काम, त्याची परीक्षा घ्यायची कशी? त्याला कोणती पदवी हवी? आणि ती द्यायची कोणी? प्रश्न साधा वाटतो. पण तीनशे वर्षांत त्याची उत्तरे इतकी बदलली, की त्या बदलांतूनच एक वेगळा इतिहास उभा राहतो.

१६९८ च्या सनदेचे उत्तर असे होते. उमेदवाराला कँटरबरीच्या आर्चबिशपने किंवा लंडनच्या बिशपने पसंत केलेले असावे. शिवाय हिंदुस्थानात आल्यापासून वर्षभरात त्याने पोर्तुगीज शिकली पाहिजे, आणि जिथे राहील तिथली देशी भाषाही शिकायला लागले पाहिजे. पोर्तुगीज कशासाठी? तर पश्चिम किनाऱ्यावर व्यवहाराची भाषा तीच होती म्हणून. हेतू उदात्त होता असे समजण्याचे कारण नाही. कंपनीचे जे देशी नोकर आणि गुलाम असतील त्यांना प्रॉटेस्टंट धर्म शिकवता यावा, एवढाच तो होता. तरीही समोरच्याची भाषा यायला हवी, ही अट मला या कलमातली सर्वांत शहाणी वाटते. पुढच्या दोनशे वर्षांत या पेशाचे नियम करणाऱ्यांना ती फारशी सुचली नाही.

मुंबईला आलेल्या चॅप्लेनांपैकी रिचर्ड कॉब याचे नाव निदान एका गोष्टीसाठी लक्षात ठेवावे. तो १७१४ साली आला तेव्हा किल्ल्यात धड चर्च नव्हते. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरच्या काळात पायाभरणी झालेली इमारत चाळीस वर्षे अर्धवट पडून होती. कॉबने वर्गणी जमवली, काम पुरे करून घेतले आणि १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडले. किल्ल्याच्या ज्या दरवाजाने या चर्चकडे जाता येई, तो चर्चगेट. रोज लोकलने उतरणाऱ्या लाखो माणसांना कल्पनाही नसते, की आपण एका चॅप्लेनच्या खटपटीचे नाव घेतो आहोत. असो.

बिशपने डोक्यावर हात ठेवला की माणूस पात्र झाला, हा नियम युरोपात शतकानुशतके चालला. तो पहिल्यांदा जोरात ठेचकाळला अमेरिकेत, आणि तोही युद्धाच्या धामधुमीत. १८६१ साली तिथे यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या सरकारने स्वयंसेवकांच्या पलटणी उभ्या केल्या आणि प्रत्येक पलटणीने आपला चॅप्लेन आपणच निवडावा असे ठरवले. अट एकच होती. तो कुठल्या तरी ख्रिस्ती पंथाचा रीतसर दीक्षा घेतलेला धर्मोपदेशक असला पाहिजे. पेनसिल्व्हेनियात एक घोडदळाची पलटण होती, तिला ‘कॅमेरॉन्स ड्रगून्स’ म्हणत. तिचा कर्नल मॅक्स फ्रीडमन ज्यू होता, शिपायांतही बरेच ज्यू होते. त्यांनी मायकेल ॲलन नावाच्या फिलाडेल्फियातल्या हिब्रूच्या शिक्षकाला निवडले. ॲलन सर्व पंथांच्या शिपायांना चालेल अशी प्रार्थना घेई. कोणाची तक्रार नव्हती. पण ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’चा एक कार्यकर्ता छावणीत आला, त्याने हा प्रकार पाहिला आणि बोभाटा केला. ॲलन ख्रिस्तीही नव्हता आणि दीक्षितही नव्हता. त्याने राजीनामा दिला.

पलटणीच्या अधिकाऱ्यांनी मग मुद्दाम कायद्याची कसोटी पाहायची ठरवली. न्यूयॉर्कच्या ज्यू मंडळीतले धर्मगुरू आर्नल्ड फिशेल यांना त्यांनी निवडले आणि अर्ज रीतसर युद्धमंत्र्याकडे पाठवला. युद्धमंत्री होते सायमन कॅमेरॉन. म्हणजे ज्यांच्या नावाने पलटण उभी राहिली होती, तेच! त्यांनी कायद्यावर बोट ठेवून सभ्य शब्दांत नकार दिला. फिशेल वॉशिंग्टनला गेले आणि डिसेंबर १८६१ मध्ये थेट अध्यक्ष लिंकन यांना भेटले. लिंकननी लक्ष घालण्याचे आश्वासन दिले. जुलै १८६२ मध्ये काँग्रेसने कायदा बदलला. ‘ख्रिस्ती पंथ’ या शब्दांच्या जागी ‘धार्मिक पंथ’ असे शब्द आले. त्यानंतर सप्टेंबरात फिलाडेल्फियाचे जेकब फ्रँकेल हे पहिले ज्यू चॅप्लेन नेमले गेले. आणि गंमत अशी की त्यांची नेमणूक पलटणीवर झाली नाही, लष्करी रुग्णालयावर झाली.

एक शब्द बदलायला एक वर्ष लागले. स्त्रियांना तर याहून कितीतरी थांबावे लागले. १८६४ साली विस्कॉन्सिनच्या तोफखान्याच्या एका पलटणीने एला गिब्सन या बाईंना चॅप्लेन निवडले. त्यांनी कामही केले. लिंकनची हरकत नव्हती. पण तेव्हाचे युद्धमंत्री स्टँटन यांनी बाई आहेत म्हणून नेमणूक मंजूर केली नाही.

हे झाले कोणत्या धर्माचा, कोणत्या लिंगाचा माणूस चालेल याबद्दल. तो माणूस हे काम करू शकतो का, हा प्रश्न अजून कोणी विचारलाच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रुग्णालयांत चॅप्लेन म्हणून पुष्कळदा निवृत्त पाद्री येत. रविवारी प्रार्थना घ्यायची, वॉर्डांतून एक फेरी मारायची, निघून जायचे. त्यांना कोणी काही शिकवलेले नसे. बायबल पाठ असे, पण वेडाच्या भरात ओरडणाऱ्या माणसाशी काय बोलावे हे बायबलात लिहिलेले नसते.

हे ज्याला फार जवळून दिसले, तो माणूस स्वतःच वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण होता. त्याचे नाव अँटन बॉइसन. जन्म १८७६, इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनचा. आधी भाषा शिकवल्या, मग येलमध्ये वनशास्त्र शिकला, जंगलखात्यात नोकरी केली, मग धर्मशास्त्राकडे वळला, खेड्यातल्या चर्चमध्ये पाद्री झाला. कुठेच नीट बस्तान बसले नाही. १९२० साली तो आपल्या श्रद्धेचे निवेदन लिहायला बसला आणि लिहिता लिहिता त्याचे भान सुटले. जगाचा अंत जवळ आला आहे, असे त्याला वाटू लागले. घरच्यांनी त्याला इस्पितळात नेले. मॅसेच्युसेट्समधल्या वेस्टबरो इथल्या मनोरुग्णालयात त्याने वर्षाहून अधिक काळ काढला आणि १९२२ च्या जानेवारीत तो बाहेर पडला.

आतमध्ये त्याने दोन गोष्टी पाहिल्या. डॉक्टरांना रुग्णाशी बोलायला वेळ नव्हता, आणि त्याच्या मनात चाललेल्या धार्मिक उलथापालथीत त्यांना रस नव्हता. बाहेरून येणाऱ्या पाद्रींना रस होता, पण आजार काय असतो याची त्यांना गंधवार्ता नव्हती. एका बाजूला आजाराचे ज्ञान, दुसऱ्या बाजूला आत्म्याची काळजी, आणि मधल्या खाटेवर पडलेला माणूस. काही आजारांत मन स्वतःला सावरण्याचीच धडपड करत असते, असे बॉइसनचे मत झाले होते. त्याने ठरवले, की याच इस्पितळांत परत यायचे. पण या वेळी कामाला.

हे सोपे नव्हते. कालपर्यंत रुग्ण असलेल्या माणसाला कोण नोकरी देणार? वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयाचे अधीक्षक विल्यम ब्रायन यांनी ती दिली. साल १९२४. सहकाऱ्यांनी नाके मुरडली तेव्हा ब्रायन म्हणाले म्हणे, की रुग्णांना उपयोग होणार असेल तर मी घोड्यांचा डॉक्टरसुद्धा नेमीन. पुढच्याच वर्षी, १९२५ च्या उन्हाळ्यात, बॉइसनने धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी बोलावले. त्यांत हेलन फ्लँडर्स डनबर ही एक होती. मन आणि शरीर यांच्या एकत्रित वैद्यकात पुढे तिने मोठे नाव मिळवले. या विद्यार्थ्यांनी काय करायचे? दिवसभर वॉर्डात परिचारकाचे काम. रुग्णांना भरवायचे, फिरवायचे, त्यांचे ऐकायचे, पाहिलेले टिपून ठेवायचे. संध्याकाळी बॉइसन आणि डॉक्टर यांच्याबरोबर बसून त्यावर चर्चा. माणूस हाच ग्रंथ, आणि तो मूळ संहितेइतक्याच काळजीने वाचावा, हे बॉइसनच्या शिकवण्याचे सार होते.

त्याच्या पाठीशी आणखी एक माणूस उभा होता, बॉस्टनचा नामवंत डॉक्टर रिचर्ड कॅबट. त्यानेही १९२५ मध्येच एक लेख लिहून मागणी केली, की वैद्यकाच्या विद्यार्थ्याला जसे रुग्णालयात काम केल्याशिवाय डॉक्टर म्हणत नाहीत, तसे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही एक वर्ष रुग्णांमध्ये काढायला लावा. १९३० च्या जानेवारीत या शिक्षणासाठी एक परिषद रीतसर नोंदली गेली. संस्था उभी राहिली, पैसा आला, विद्यार्थी वाढले. आणि त्याच वर्षी, आई वारल्यानंतर, बॉइसनचे मन पुन्हा बिघडले.

आता कॅबटने काय केले? यापुढे बॉइसनने विद्यार्थ्यांना शिकवता कामा नये, असा त्याने आग्रह धरला. कॅबटचा विश्वास होता, की मनाचे गंभीर आजार हे मेंदूच्या बिघाडातून होतात. त्यात आत्म्याची धडपड वगैरे काही नसते. हा मतभेद जुनाच होता, आता त्याला निमित्त मिळाले. चळवळीची दोन शकले झाली. बॉस्टनकडचे लोक साध्या रुग्णालयांत विद्यार्थी पाठवू लागले, न्यूयॉर्ककडचे मनोरुग्णालयांत. बॉइसन १९३२ मध्ये इलिनॉयमधल्या एल्गिनच्या मनोरुग्णालयात चॅप्लेन म्हणून गेला आणि १९६५ साली तिथेच वारला. कॅबटची बाजू मला समजते. नवी संस्था होती, लोक बोट दाखवायला टपलेले होते. पण समजते म्हणून पटत नाही. जो अनुभव या शिक्षणाचा पाया होता, तोच अपात्रतेचे कारण ठरला. बॉइसनने मात्र काही लपवले नाही. १९६० साली त्याने आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्यात स्वतःच्या आजाराची साद्यंत हकिगत लिहिली.

कॅबटकडून या पेशाला एक फार उपयोगी गोष्ट मिळाली, तीही दुसऱ्याच्या हातून. रसेल डिक्स हा तरुण पाद्री १९३३ पासून बॉस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये चॅप्लेन होता. रुग्णाला भेटून आला, की तो झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहून काढी. मी काय म्हणालो, तो काय म्हणाला, मग मी काय म्हणालो. दिसायला साधी गोष्ट आहे. करून पाहा. आजारी माणसाला भेटून घरी आल्यावर आपण बोललेले वाक्यन् वाक्य कागदावर उतरवा. रुग्ण ‘आता काही खरं नाही’ म्हणाला, तेव्हा आपण ‘असं बोलू नये, सगळं ठीक होईल’ असे म्हणून त्याचे तोंड कसे बंद केले, ते काळ्यावर पांढरे दिसते. कॅबट आणि डिक्स यांनी मिळून १९३६ साली आजाऱ्यांच्या सेवेवर पुस्तक लिहिले. त्यातून ही पद्धत पसरली. आजही या शिक्षणात विद्यार्थी असे टिपण घेऊन येतो आणि गटापुढे वाचतो. मग गट आणि मार्गदर्शक विचारतात : तो रडायला लागल्याबरोबर तू प्रार्थना का सुरू केलीस? त्याला हवी होती म्हणून, की तुला त्याचे रडणे सोसवेना म्हणून?

या प्रश्नासाठी मी हा सगळा इतिहास सांगितला. बिशपच्या हातापासून निघालेला प्रवास इथे येऊन पोचला. तुझी श्रद्धा कोणती, एवढे विचारून भागेना. खाटेजवळ तू स्वतः काय करतोस, ते दाखव, असे विचारणे सुरू झाले.

पुढचा इतिहास संस्थांचा आहे, तो भरभर सांगतो. १९६७ साली या शिक्षणाच्या चार वेगवेगळ्या संघटना एकत्र आल्या. कॅथलिक चॅप्लेनांची राष्ट्रीय संघटना १९६५ ची, ज्यूंची १९९० ची. १९९८ साली दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून व्यावसायिक चॅप्लेनांची मोठी संघटना झाली. आणि २००४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या सहा संघटनांनी मिळून पात्रतेचे समान निकष ठरवले.

त्या निकषांचा सांगाडा आजही साधारण तोच आहे, आणि तो ऐकला की छाती दडपते. आधी चार वर्षांची पदवी. मग धर्मशास्त्राची किंवा तत्सम पदव्युत्तर पदवी, ७२ श्रेयांकांची, म्हणजे सुमारे तीन वर्षे. मग रुग्णालयातले ते शिक्षण, ज्याला ‘क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन’ म्हणतात. त्याचा एक भाग ४०० तासांचा. असे चार भाग, म्हणजे १६०० तास. त्यानंतर प्रत्यक्ष कामाचे २००० तास. आपल्या संप्रदायाचे शिफारसपत्र. मग स्वतःच्या कामावर लिहिलेले निबंध आणि जाणत्या चॅप्लेनांच्या समितीपुढे मुलाखत. पास झालात तरी सुटका नाही, दरवर्षी ५० तास शिकत राहायचे. आणि आचारसंहितेतला एक कडक नियम : रुग्णाला आपल्या धर्माकडे ओढायचे नाही. १६९८ च्या सनदेतला हेतू इथे पुरता उलटा झाला आहे.

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आपल्यापैकी कोणाला तिथल्या रुग्णालयाची पायरी चढावी लागली असेल, तर भरतीच्या वेळी धर्म विचारलेला त्यांना आठवेल. आपला माणूस दचकतो. इथे धर्म कशाला, बिल वाढवणार की काय? तसे काही नसते. चॅप्लेन येऊन बसला तर चालेल का, एवढेच त्यामागे असते.

पण हे सारे निकष ख्रिस्ती साच्यातून निघालेले आहेत, हे लपत नाही. तीन वर्षांचे धर्मविद्यालय, दीक्षा, शिफारस देणारा संप्रदाय, हे ज्यांच्याकडे आयते आहे त्यांना सोपे. हिंदू माणसाने काय करावे? आपल्याकडे वेदपाठशाळा आहेत, कीर्तनाची परंपरा आहे. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवले. पण अमुक एक माणूस हिंदूंच्या वतीने पात्र आहे, असे लिहून देणारे एकच पीठ आपल्याकडे नाही, आणि नसावे असेच बहुतेकांना वाटते. अमेरिकेच्या लष्करात हा पेच २०११ साली सुटला. प्रतिमा धर्म या भारतात जन्मलेल्या अधिकारी आधी ख्रिस्ती चर्चच्या शिफारशीवर चॅप्लेन होत्या आणि इराकमध्ये काम करून आल्या होत्या. त्यांना चिन्मय मिशनच्या अमेरिकेतल्या शाखेने शिफारस दिली आणि त्या अमेरिकी लष्कराच्या पहिल्या हिंदू चॅप्लेन झाल्या. आपल्या पवईत ज्या मिशनचा आश्रम आहे, तेच हे मिशन. १८६२ साली बदललेल्या त्या एका शब्दाने दीडशे वर्षांनी इतका लांबचा पल्ला गाठला.

एवढी शंभर वर्षे खपून हे निकष घडवले, पण त्यांना सरकारी बळ नाही, ही त्यातली कच्ची बाजू. डॉक्टर, परिचारिका, केस कापणारा सलूनवाला, या सगळ्यांना अमेरिकेतल्या राज्यांत परवाना लागतो. चॅप्लेनला लागत नाही. नोकरी देणारा आग्रह धरेल तेवढेच. २०२३ साली टेक्सास राज्याने कायदा केला, की सरकारी शाळांना मुलांच्या आधारासाठी चॅप्लेन नेमता येतील, आणि त्यांना शिक्षणखात्याच्या कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही. गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली की झाले. याला जोरदार विरोध कोणी केला? त्याच राज्यातल्या शंभराहून अधिक चॅप्लेनांनी. त्यांनी सही करून शाळा-मंडळांना कळवले, की आम्हाला जे शिकायला वर्षे लागली ते न शिकलेल्यांच्या हाती मुले देऊ नका. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक मंडळाला मार्च २०२४ पर्यंत मतदान करून निर्णय घ्यायचा होता. मोठ्या शहरांतल्या अनेक मंडळांनी नाही म्हटले.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या देशात हे पद रीतसर अस्तित्वात आहे ते भारतीय सैन्यात. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्षू अशा धर्मगुरूंची सैन्यात भरती होते, ते नायब सुभेदार म्हणून रुजू होतात. पदवी हवी. पंडिताला संस्कृतातली शास्त्री किंवा आचार्य आणि कर्मकांडाची पदविका, ग्रंथीला पंजाबीतली ग्यानी, मौलवीला अरबीतली किंवा उर्दूतली त्या दर्जाची परीक्षा, पाद्रीला आणि भिक्षूला रीतसर दीक्षा. शिवाय १६०० मीटर अंतर आठ मिनिटांत धावून दाखवायचे. शिपायाबरोबर राहायचे तर दम हवाच. निवड झालेल्यांचे प्रशिक्षण पुण्यातल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशन’मध्ये होते, आणि तिथे सगळ्या धर्मांचे गुरुजी एकत्र शिकतात. भरतीच्या जाहिरातीत त्यांची कामे लिहिलेली असतात. त्यांत अंत्यविधी आहेत, रुग्णालयातल्या आजाऱ्यांची सेवा आहे, शिक्षा भोगणाऱ्या शिपायांच्या भेटी आहेत, आणि जवानांचे व त्यांच्या कुटुंबांचे कल्याण, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. मला ही यादी फार आवडते. शास्त्री असो वा ग्यानी, या परीक्षा ग्रंथांच्या आहेत. आजाऱ्याजवळ बसायची परीक्षा त्यांत नाही. ती त्या माणसाला पलटणीत गेल्यावर द्यावी लागते.

आणि सैन्याबाहेर? इथे पुन्हा कॅबटकडे यावे लागते. याच डॉक्टरने १९०५ साली बॉस्टनच्या त्याच रुग्णालयात आणखी एक नवा प्रकार सुरू केला होता. रुग्णाच्या घरची परिस्थिती, नोकरी, पैसा यांची विचारपूस करणारी समाजसेविका त्याने रुग्णालयात नेमली. त्याची ही पहिली कल्पना समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली, आणि आज आपल्या सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पद आहे. त्याला पदव्युत्तर शिक्षण लागते. त्याची दुसरी कल्पना, १९२५ च्या लेखातली, आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत आली नाही. वांद्र्याला १९८६ साली ‘शांती अवेदना सदन’ हे देशातले पहिले हॉस्पिस निघाले. तिथे नन हे काम करतात, बाकी ठिकाणी ते नातेवाईक करतात, मावशी करतात, कधी शेजारच्या खाटेवरचा रुग्ण करतो. आणि जिथे समाजसेवा अधीक्षक आहे, तिथे त्याच्या दारात रेशनकार्डाची झेरॉक्स आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन लोक उभे असतात. ती रांग दुपारी दोनपर्यंत हलत नाही. एवढ्या वेळात वरच्या वॉर्डात कोणी काय विचारले, ते ऐकायला त्याने जायचे कधी?